दुःखाचा धनी कोण?



या व्यासपीठावर विद्वानांनी उभे राहावे अशी येथील जुनी प्रथा आहे. आमची विद्वत्ता सातव्या इयत्तेपाशी थांबली. त्यापुढची आमची शाळा म्हणजे युनियनची कचेरी आणि नगर वाचनालयातला कोपऱ्यातला बाक. त्यामुळे चालकांनी बोलावणे धाडले तेव्हा आम्ही बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर अगर नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तो 'दुःख देवाकडून येते काय? ख्रिस्ती श्रद्धा काय म्हणते?' हा. तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी आम्हांला बाजूला घेऊन हळूच विचारले, "आपण बाप्तिस्मा वगैरे तर घेतला नाही ना?" घेतलेला नाही. आम्ही वारकऱ्याच्या घरात जन्मलो, आणि देवाविषयी आमचे मत अद्याप पक्के झालेले नाही. परंतु हा प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो एका बाईंनी आमच्यापुढे ठेवला, आणि गेली पंचवीसांहून अधिक वर्षे तो आमची पाठ सोडीत नाही. त्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

1997 साली एका ओतकामाच्या कारखान्यात आमच्या युनियनचे एक सभासद अपघातात गेले. कारखान्याचे नाव येथे नको. क्रेनची साखळी तुटली, साच्याची पेटी खाली आली आणि खाली हे गृहस्थ उभे होते. नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेले ख्रिस्ती कुटुंब. घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. तिसऱ्या दिवशी कारखान्याचे एक अधिकारी समाचाराला आले. एका हातात पैशांचे पाकीट, दुसऱ्या हातात टाईप केलेला कागद. 'आमची काही तक्रार नाही' अशा अर्थाचा मजकूर, आणि खाली सहीची जागा. अधिकारी मोठ्या नम्रतेने म्हणाले, "बाई, देवाच्या मर्जीपुढे कोणाचे चालले आहे? तुमच्या धर्मातही हेच सांगितले आहे."

आम्ही तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होतो, आणि कायदा नुकताच पाठ केलेला होता. अधिकारी उठून गेल्यावर आम्ही बाईंना एका दमात सारे सांगितले. सही करू नका. कारखान्यांचा 1948 चा कायदा आहे. त्याच्या 29 व्या कलमाप्रमाणे ओझे उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदा जाणत्या माणसाकडून कसून तपासणी व्हावी लागते. ही साखळी झिजल्याची तक्रार पाळीच्या वहीत लिहिलेली आहे. शिवाय नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा आहे. त्याप्रमाणे मृत कामगाराची भरपाई मालकाने आयुक्तांकडे भरायची असते. घरी पाकीट आणून दिले म्हणून ती फिटत नाही. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. आमचे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, सगळे म्हणतात देवाने नेले. देवानेच नेले असेल, तर तुम्ही भांडायला निघालात ते कोणाशी?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. मालकाच्या वकिलाने कधी आमची इतकी अडचण केली नव्हती. त्यांच्या पतीचे बायबल फळीवर होते. ते आम्ही वाचायला मागून घेतले. दाव्याचे कागद दिवसा आणि ते बायबल रात्री, असा आमचा क्रम पुढे पुष्कळ दिवस चालला. त्या वाचनातून आणि मागाहून वाचनालयात हाती लागलेल्या पुस्तकांतून जे पदरी पडले, ते आज आपल्यापुढे मांडतो आहोत.

करारनाम्यातली एकमेकांशी न जुळणारी कलमे हुडकणे ही युनियनवाल्यांची जुनी खोड. ती या ग्रंथातही आमच्या उपयोगी पडली. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव स्वतःच म्हणतो की उजेड आणि अंधार, सुख आणि अरिष्ट ही दोन्ही आपलीच कृती आहे. विलापगीत म्हणते की देव माणसांना दुःख देतो खरा, पण मनापासून देत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात दुःख म्हणजे बापाने लाडक्या मुलाला लावलेली शिस्त आहे. तर याकोबाचे पत्र बजावते की देव कोणाला पापाच्या मोहात घालीत नाही, त्याच्याकडून उत्तम दानेच येतात. तेव्हा 'तुमच्या धर्मात हेच सांगितले आहे' असे जे आमचे अधिकारी म्हणाले, त्यांनी ग्रंथ उघडलेला नव्हता एवढे आमच्या ध्यानात आले. त्यात एकच एक गोष्ट सांगितलेली नाही. तेथे वाद चालला आहे, आणि धर्मग्रंथात तो तसाच राहू दिलेला आहे.

या वादाचे मुख्य ठाणे म्हणजे ईयोबाचे पुस्तक. कथा पुष्कळांना माहीत असेल. ऊस देशातला हा सज्जन, श्रीमंत आणि देवभीरू गृहस्थ. सैतान देवाला म्हणतो, हा फुकट भक्ती करीत नाही. याचे काढून घे, म्हणजे पाहा. देव परवानगी देतो. गुरेढोरे जातात, मुलेबाळे जातात, अंगभर फोड उठतात. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. देवाचा या दुःखाशी काहीच संबंध नाही असे हे पुस्तक म्हणत नाही. परवानगी त्याचीच आहे. ईयोबही पहिल्या दोन अध्यायांत आपले दुःख देवाच्या हातूनच आले असे धरून बोलतो.

मग एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र समाचाराला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसतात. आमच्या मते त्या तिघांनी केलेले चांगले काम तेवढेच. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात आणि सारे बिघडते. देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, अर्थात तू काही तरी पाप केले असले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब. ईयोब तो हिशेब मान्य करीत नाही. तो देवाशीच भांडतो, त्याला न्यायासनापुढे बोलावू पाहतो. आणि येथे आम्ही कामगार म्हणून चमकलो. चोविसाव्या अध्यायात हा दुःखी माणूस स्वतःच्या फोडांचे बोलणे सोडून मजुरांविषयी बोलू लागतो: पेंढ्या वाहणारे उपाशी आहेत, द्राक्षकुंड तुडविणारे तहानलेले आहेत, उघड्यावर निजणाऱ्यांना पांघरूण नाही, आणि देव हे पाहतो आहे की नाही? एकतिसाव्या अध्यायात तो शपथेवर सांगतो की, माझ्या दासदासींनी माझ्याविरुद्ध तक्रार आणली तेव्हा ती मी कधी झिडकारली नाही. असा मालक आम्हांला आमच्या साऱ्या कारकिर्दीत क्वचितच भेटला.

शेवटी देव वावटळीतून बोलतो. चार अध्याय बोलतो: पृथ्वीचा पाया, समुद्र, तारे, रानगाढव, घोडा. पण 'का' या प्रश्नाचे उत्तर देत नाही. काहींची यामुळे निराशा होते, आमचीही झाली. तथापि बेचाळिसावा अध्याय नीट वाचला पाहिजे. देव एलीफजावर रागावतो आणि सांगतो की तुम्ही तिघे माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला! पेरू देशातील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी 1986 साली या पुस्तकावर लिहिले. लिमा शहरातल्या गरीब वस्तीत त्यांनी आयुष्य काढले आणि 2024 साली ते वारले. निरपराध माणूस दुःख सोसत असता त्याच्यासमोर देवाविषयी कोणत्या भाषेत बोलावे, हाच ईयोबाचा खरा प्रश्न आहे, असे त्यांनी दाखविले.

आता येशूकडे येऊ. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका अपघाताची बातमी आहे. शिलोह येथील बुरूज कोसळला आणि अठरा माणसे दबून मेली. लोकांच्या मनात तोच हिशेब होता. येशू त्यांना विचारतो की, ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हांला वाटते काय? आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. पुढे ऐकणाऱ्यांनाच तो बजावतो की मेलेल्यांची पापे मोजू नका, आपली वाट बदला. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू म्हणतो, दोघांचेही नाही. देवाचे कार्य याच्या ठायी दिसावे म्हणून. आणि तेवढ्यावर न थांबता खाली वाकून माती कालवतो आणि त्याच्या डोळ्यांना लावतो. मागे वळून कारण शोधणाऱ्यांना तो पुढचे काम दाखवितो.

पुढल्या शतकांत पंडितांनी यावर पुष्कळ विचार केला. दुसऱ्या शतकात लिओंचे बिशप आयरेनियस यांनी म्हटले की माणूस कच्चा निर्माण झाला आहे आणि त्याला वाढत वाढत पक्व व्हायचे आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (354 ते 430) म्हणाले की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही. अंधार म्हणजे जसा उजेडाचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, आणि तो शिरला माणसाने आपले स्वातंत्र्य चुकीचे वापरल्यामुळे. विचार खोल आहेत. पण ज्याच्या अंगावर पेटी पडली त्याच्या बायकोला 'हा अभाव आहे' असे सांगण्याची आमची तरी छाती झाली नसती.

ग्रंथातला हा वाद रस्त्यावर आला तो 1755 साली. तारीख 1 नोव्हेंबर, सर्व संतांच्या सणाचा दिवस. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सकाळी उपासनेसाठी चर्चे भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली, आणि मग आग अनेक दिवस जळत राहिली. हजारो माणसे मेली, त्यांत भक्त पुष्कळ होते. जग देवाने शक्य तेवढे उत्तम बनविले आहे असा सिद्धान्त जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ यांनी 1710 साली मांडला होता. व्हॉल्टेअरने त्याची आधी कवितेत आणि मग 1759 साली 'कांदीद' या कादंबरीत रेवडी उडविली. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्रीने 1756 साली पत्रक काढून सांगितले की भूकंपाचे कारण निसर्गात शोधू नका, ते लिस्बनच्या पापांत आहे. रूसोने त्याच साली व्हॉल्टेअरला पत्र लिहून तिसरीच बाजू काढली: सहा-सात मजल्यांची घरे एकाला एक लागून निसर्गाने बांधली नव्हती, माणसे विरळ राहती तर हानी कमी होती. आणि पुढे ज्याला पोंबालचा मार्क्विस ही पदवी मिळाली, त्या प्रधानाने गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, समुद्र आधी चढला की ओसरला? नवे शहर उभारताना भिंतींच्या आत लाकडी चौकटींचे पिंजरे बसविण्यात आले, म्हणजे हादरा बसला तरी घर एकदम कोसळू नये.

मालाग्रिदाचा शेवट वाईट झाला. 1761 साली त्याला पाखंडी ठरवून ठार करण्यात आले आणि त्यामागे पोंबालचे राजकारण होते. त्या क्रौर्याचे समर्थन कोणी करू नये. पण प्रश्नावली आणि पत्रक यांतला फरक पाहा. पत्रकाने मेलेल्यांवर आरोप ठेवला. प्रश्नावलीने जिवंतांच्या घरांची काळजी वाहिली. शिलोहाच्या बुरुजाविषयी येशूने जे सांगितले होते त्याच्या अधिक जवळ कोण होते, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आता आमच्या धंद्यातले एक उदाहरण. इंग्लंडात 1848 साली सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या बाईंचे मुलांसाठी रचलेले एक स्तोत्र प्रसिद्ध झाले. सृष्टीचे कौतुक करणारे ते गोड गीत आहे. पण वाड्यातला श्रीमंत आणि दारातला गरीब यांच्या जागा देवानेच ठरविल्या अशा अर्थाचे एक कडवे त्यात होते. पुढे बऱ्याच स्तोत्रसंग्रहांनी ते गाळले. याच देशात त्याआधी चौदा वर्षे, 1834 साली, डॉर्सेट परगण्यातल्या टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला धाडण्यात आले. गुन्हा कोणता? आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून घसरत सातांवर आली आणि सहा होणार असे कळले, तेव्हा त्यांनी संघटना केली आणि गुप्त शपथ घेतली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार होता. देशभर चळवळ होऊन 1836 साली त्यांना माफी मिळाली. बायबल तेच, देवही तोच. एकाला त्यात गरिबाची नेमलेली जागा दिसली, दुसऱ्याला याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय दिसला. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते असे त्यात लिहिले आहे.

कोणी म्हणेल, ही तर माणसाने माणसाला दिलेली दुःखे झाली. जी कोणाच्याच हातची नाहीत त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि येथे ख्रिस्ती माणूस अखेरीस क्रुसाकडे बोट दाखवितो. येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत 'हे टळू दे' अशी विनवणी केली, आणि क्रुसावर देवाने आपल्याला का सोडले असा आक्रोश बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत केला. जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान 1943 च्या हँबर्गवरील बाँबवर्षावात सतरा वर्षांचे होते. शेजारी उभा असलेला मित्र मेला, हे वाचले. पुढे युद्धकैदी असताना येशूचा तो आक्रोश त्यांनी वाचला आणि हा आपल्याला समजणारा कोणी आहे असे त्यांना वाटले. 1972 साली त्यांनी 'क्रुसावर खिळलेला देव' या आशयाचा ग्रंथ लिहिला. देव वर बसून दुःख वाटीत नाही, तो दुःखात सापडला आहे, असे त्यांचे म्हणणे. हे सर्व ख्रिस्ती पंडितांना पटलेले नाही. देव पूर्ण आहे, त्याला दुःख शिवत नाही, हे त्या धर्मातले जुने मत आहे आणि ते अजून जिवंत आहे.

आपल्या मातीतले एक उदाहरण देऊन हा भाग संपवितो. पंडिता रमाबाईंचे आईबाप आणि थोरली बहीण दुष्काळाच्या हालांत गेली. दैवाची आणि देवाची सारी उत्तरे त्यांनी तेव्हा ऐकलेली होती. 1883 साली त्या ख्रिस्ती झाल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली अन्नान्न करीत आहेत असे ऐकून त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलीबायांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. दुष्काळ का पडला याचे व्याख्यान त्यांनी त्या मुलींना दिले नाही, आधी जेवू घातले.

आता त्या बाईंकडे परत जाऊ. त्यांनी सही केली नाही. दावा तीन वर्षे चालला. तारखेला त्या यायच्या, बाकावर बसायच्या. साखळीची तपासणी झाल्याचा दाखला मालकाला दाखविता आला नाही. भरपाईची रक्कम आयुक्तांकडे जमा झाली आणि मुलांच्या नावे काही भाग ठेवण्याचा हुकूम झाला. त्या संध्याकाळी आम्ही बायबल परत करायला घरी गेलो. चहा झाला. बाई म्हणाल्या, "त्यांना देवानेच नेले, असे मी मानते." तीन वर्षे ज्या वाक्याशी आम्ही भांडलो तेच वाक्य! आम्ही पटकन म्हणालो, "वहिनी, देवाने नाही, साखळीने नेले." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साखळीचा हिशेब तुम्ही घेतलात भाऊ, फार उपकार झाले. देवाचा हिशेब माझा मी घेते आहे. रोज रात्री घेते."

त्या दिवशी आम्हांला उत्तर मिळाले. त्याआधी जे हाती होते ते वाचन. वाक्य तेच असले तरी ते कोणाच्या तोंडी आहे याला महत्त्व आहे. दुःख देवाकडून आले असे सोसणारा म्हणतो, तेव्हा ती त्याची प्रार्थना असते, कधी ते त्याचे भांडण असते; ईयोबाप्रमाणे त्याला तो अधिकार आहे, आणि तो काढून घेणारे आम्ही कोण? पण ज्याच्यावर जबाबदारी आहे तो तेच वाक्य बोलतो, तेव्हा तो आपले देणे देवाच्या खात्यावर मांडीत असतो. आणि दुःखात नसलेला शेजारी ते बोलतो, तेव्हा तो एलीफज होतो. ख्रिस्ती शास्त्रात दुःख देवाकडून येते की नाही, याचा निकाल आम्ही देऊ शकत नाही; पंडितांचा दोन हजार वर्षांत झालेला नाही. परंतु दुसऱ्याचे दुःख दाखवून त्याला 'हे देवाने दिले' असे सांगण्याची मुभा ते शास्त्र कोणाला देत नाही, एवढे आम्ही वाचले तेवढ्यावरून खात्रीने सांगतो.

एक गोष्ट राहिली. अपघाताच्या दिवशी त्या घरी त्यांच्या मंडळीचे वृद्ध पाळकसाहेब आले होते. आम्ही दारात उभे होतो. आता हे देवाची इच्छा सांगणार, म्हणून मनातून चिडलेले होतो. ते काहीच बोलले नाहीत. चटईवर मुलांच्या शेजारी बसले आणि दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. त्या वेळी आम्हांला वाटले, या माणसाला काही येत नाही. ईयोबाचा दुसरा अध्याय आम्ही तोवर वाचलेला नव्हता.